ओव्हाळ भाऊसाहेबांचा लिफाफा

पोपट किसन ओव्हाळ गेले तेव्हा आमच्या पेपरात त्यांच्याबद्दल एक ओळसुद्धा आली नाही. एखाद्या पुढाऱ्याच्या कुत्र्याला ताप आला तरी आम्ही तीन कॉलम देतो. ज्या माणसाच्या जिवावर आम्ही सलग पाच दिवस पहिलं पान गाजवलं, त्याला मात्र चार ओळींची जागा मिळाली नाही. यात पेपरला दोष देण्यात अर्थ नाही. त्या चार ओळी मी लिहायला हव्या होत्या, आणि मी लिहिल्या नाहीत. आता लिहिते आहे. वकिलांना विचारलेलं नाही.

ओव्हाळ पुण्यातल्या एका सरकारी कार्यालयात होते. कार्यालय पाण्याशी संबंधित, एवढंच सांगते. तिथल्या रेकॉर्ड रूमचे ते राजे. राज्य केवढं, तर दोन खिडक्या, अठरा रॅक आणि एक कुरकुरणारा पंखा. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. मी पहिल्यांदा गेले ती माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन. सरकारी रेकॉर्ड रूममध्ये गेलं की शिंका येतात, असा माझा वीस वर्षांचा अनुभव. तिथे एकही शिंक आली नाही. त्याचंच मला आधी नवल वाटलं.

दुसरं नवल फाइलींचं. सरकारी फाइलीतल्या कागदांना डाव्या कोपऱ्यात भोक पाडून त्यातून दोरीचा टॅग ओवतात. कागद चार वेळा उलटला की भोक फाटतं आणि कागद सुटतो. सुटलेला कागद हरवतो, आणि पुष्कळदा तो हरवावा म्हणूनच सुटतो. ओव्हाळांच्या राज्यात हे चालत नसे. ते जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांचे नखाएवढे चौकोन करायचे. प्रत्येक महत्त्वाच्या कागदाच्या कोपऱ्यावर एकेक चौकोन चिकटवायचे आणि मग त्यातून भोक पाडायचे. कुठे लाल, कुठे सोनेरी, कुठे अर्ध्या गणपतीची सोंड. वरचे साहेब चेष्टा करायचे, "ओव्हाळ, फाइल मागवली होती, रुखवत नाही."

"पत्रिकेचा कागद फाटत नाही, ताई," ओव्हाळ मला म्हणाले होते. "लग्न मोडतं, पत्रिका टिकते."

मी म्हटलं, "खरंय. माझं मोडलं. पत्रिकांचा गठ्ठा अजून माळ्यावर आहे."

ते इतके ओशाळले की पुढच्या तीन भेटींत दर वेळी माफी मागत राहिले. शेवटी मीच वैतागले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, माझ्या घटस्फोटाचं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त मनाला लावून घेतलंय."

माझा अर्ज आंबेदरा तलावाबद्दल होता. खडकवासल्याच्या पलीकडे, डोंगरात, एक लहानसं मातीचं धरण. त्याच्या भिंतीतून पाणी झिरपतं अशी कुजबुज होती, आणि खात्याने तपासणी करून अहवालही तयार केल्याचं माझ्या कानावर आलं होतं. भिंतीच्या खाली दोन वाड्या, सत्तरेक घरं. अर्जाला महिन्याने उत्तर आलं की माहिती गोपनीय असून ती उघड केल्यास सुरक्षिततेला बाधा येईल. कुणाच्या सुरक्षिततेला, ते लिहिलेलं नव्हतं. ते पत्र ओव्हाळांनीच माझ्या हातात दिलं.

"अपील करा," ते म्हणाले.

"अपिलाला वर्ष जाईल."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. फेब्रुवारी चालू होता. "पावसाळ्याला चार महिने आहेत," एवढंच ते म्हणाले आणि खाली मान घालून टॅग ओवत बसले.

त्यानंतर आठवड्याभराने ते सकाळीच माझ्या सदाशिव पेठेतल्या घरी आले. पत्ता माझ्या अर्जावर होताच. माझ्या दारावर वडिलांनी लावलेली पाटी आहे: 'बेल एकदाच वाजवावी. घरातील माणसे बहिरी नाहीत.' वडील गेले, पाटी राहिली. तिच्याकडे कुणीही लक्ष देत नाही. कुरिअरवाला तर बेलवर अंगठा ठेवून फोनवर बोलत उभा राहतो. त्या दिवशी मी न्हाणीघरात होते. बेल एकदा वाजली आणि थांबली. वाटलं, गेलं असेल कोणी. पंचवीस मिनिटांनी दूध घ्यायला दार उघडलं, तर ओव्हाळ जिन्याच्या पायरीवर मांडीवर पिशवी ठेवून बसलेले.

"अहो, परत वाजवायची ना!"

"एकदाच लिहिलंय," ते म्हणाले.

पिशवीत त्यांच्या मुलीचा, पूर्वाचा, जुना मोबाइल होता. त्यात अहवालाच्या अकरा पानांचे फोटो होते. झेरॉक्सच्या खोलीत नोंदवही असते, म्हणून त्यांनी फोटो काढले होते. मी हात पुढे केला, पण त्यांनी मोबाइल दिला नाही. आधी बोलायचं होतं.

पानशेतचा पूर आला तेव्हा ओव्हाळांचा जन्मही झालेला नव्हता. त्यांची आई नदीकाठी राहायची, आणि त्यांच्या मोठ्या भावाला खांद्यावर घेऊन पाण्यातून बाहेर पडली होती. पुढे त्यांना पर्वतीच्या बाजूला दोन खोल्या मिळाल्या, त्यातच हे जन्मले, वाढले. आई म्हणायची, पाणी आलं त्याचं दुःख नाही, कुणी सांगितलं नाही त्याचं आहे. हे वाक्य ओव्हाळ लहानपणापासून ऐकत होते, आणि आता तसाच एक कागद त्यांच्या हाताखालून रॅकवर गेला होता. त्यावर 'गोपनीय' असा शिक्का होता. तलाव पुढच्या मोसमात निम्म्याहून जास्त भरू नये, आणि खालच्या वाड्यांना कळवावं, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. कुणी कळवलं नव्हतं.

"मी दर रविवारी विहारात पोरांकडून पंचशील म्हणून घेतो," ते म्हणाले. "त्यातलं दुसरं शील, न दिलेली वस्तू घेणार नाही. आठ दिवस झोप नाही ताई. ही चोरी आहे का? कागद सरकारचा, मी त्याचा राखणदार. राखणदारानेच..." ते थांबले. मग म्हणाले, "पण कागद मी घेतला नाही. तो रॅकवरच आहे. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना फक्त वाचून दाखवायचाय."

गुपित म्हणजे काय आणि ते कुणाचं, यावर मी दोन सेमिनारांत भाषणं ठोकली आहेत. इतकं साधं मला एकदाही बोलता आलेलं नव्हतं.

त्यांच्या अटी दोन होत्या. ज्या तरुण इंजिनिअरने धीर करून हा अहवाल लिहिला त्याच्या सहीचं पान त्यांनी मुळातच आणलं नव्हतं, त्याला शोधायचं नाही. आणि दुसरी अट: "मजकूर छापा. कागद छापू नका. कागद म्हणजे माझी फाइल आहे, ती ओळखू येते."

"तुमच्यापर्यंत कोणी पोचणार नाही," मी म्हटलं. "ही माझी जबाबदारी."

मग त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. ते चहा प्यायले. निघताना मला काय सुचलं कोण जाणे, मी माळ्यावरून माझ्या लग्नपत्रिकांचा तो गठ्ठा काढला. चाळीसेक असतील. चांगल्या जाड, मोरपंखी रंगाच्या, वर 'नीरजा' आणि 'सलिल' अशी दोन नावं सोनेरी अक्षरांत. घरात दुसरं काही सापडेना म्हणून आमच्या पेपरचं नाव छापलेल्या एका मोठ्या लिफाफ्यात घालून दिल्या. म्हटलं, "घ्या, कुणाच्या तरी उपयोगी पडू देत." ते इतके खूष झाले, जसं काही मी पैठणी दिली. लिफाफा छातीशी धरून ते तसेच ऑफिसला गेले. फाटकाशी त्यांचे सहकारी संभाजी उभे होते. त्यांनी लिफाफा पाहिला.

बातमी लागण्याआधी आमच्या वकिलांनी सगळ्यांना समोर बसवून शासकीय गुपिते कायदा समजावला. इंग्रजांनी १९२३ साली केलेला. त्यात गुपित फोडणारा तर अडकतोच, पण गुपित आहे हे माहीत असून ते घेणाराही अडकतो. माहिती अधिकाराच्या कायद्यात लोकहित मोठं असेल तर गुपितही उघड करता येतं, असं कलम आहे. पण ते ठरवायचं त्याच खात्याने, आणि पुढे माहिती आयोगाने. "तेव्हा बातमीवर रिपोर्टरचं नाव नको," वकील म्हणाले. बातमी 'विशेष प्रतिनिधी'च्या नावाने गेली. माझं नाव बचावलं.

दुसऱ्या दिवशी खात्याने खुलासा दिला की असा कोणताही अहवाल अस्तित्वात नाही. बातमी खोडसाळ आहे, पेपरवर कारवाई करू. संध्याकाळी संपादकांनी, श्यामसुंदर सरांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. "नीरजा, उद्या एकतर कागद छाप, नाहीतर माफी छाप."

मी नाही म्हटलं. दहा मिनिटं नाही म्हटलं. वाड्यांतली माणसं आमच्या बातमीवर विश्वास ठेवतील की खात्याच्या खुलाशावर, हा प्रश्न खरा होता. पण मला खोटारडी म्हणाले, हेही मला झोंबलं होतं. त्याचा वाटा किती होता, ते मी अजून नीट मोजलेलं नाही. ओव्हाळांना एक फोन करून विचारता आलं असतं. ते नाही म्हणतील म्हणून मी केला नाही.

मी स्वतः बसून फोटो कापला. जावक क्रमांक कापला, तारीख कापली, समासातलं हस्ताक्षर पुसलं. शिक्का आणि भिंतीबद्दलचा परिच्छेद तेवढा ठेवला. डाव्या कोपऱ्याकडे माझं लक्षच गेलं नाही. तिथे निळा चौकोन होता, आणि त्यावर पिंपळपानाचं अर्धं टोक. पहिल्या पानावर, चार रंगांत, लाखभर प्रतींवर तो छापला गेला.

ती पूर्वाच्या लग्नाची पत्रिका होती. दोन वर्षांपूर्वी ओव्हाळांनी ऑफिसात साहेबांपासून शिपायापर्यंत प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन ती दिली होती. सकाळी साडेदहाला ऑफिस उघडलं, पावणेअकराला सगळ्यांना कळलं. ओव्हाळांना साहेबांनी बोलावलं. त्यांनी पेपर पाहिला, आणि विचारायच्या आधीच म्हणाले, "होय, मी दिला."

मला त्यांनी फोन केला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आंबेदरा तलावाचं पाणी एप्रिलमध्ये सोडलं. खालच्या वाड्या पावसाळाभर शाळेत हलवल्या. भिंतीला नवीन दगडी अस्तर लागलं. त्या पावसाळ्यात काही झालं नाही. हेच तर ओव्हाळांचं नशीब फुटकं. धरण फुटलं असतं तर ते देवमाणूस ठरले असते. फुटलं नाही, म्हणून खात्याला म्हणता आलं की धोका नव्हताच, एका कारकुनाने उगाच घबराट पसरवली.

त्यांच्यावर फौजदारी खटला भरला नाही. भरला असता तर तो अहवाल कोर्टात आणावा लागला असता. निलंबन झालं आणि खात्याची चौकशी लागली. आरोप दोन. गोपनीय कागद बाहेर दिला, हा पहिला. तो त्यांनी कबूलच केला होता. दुसरा आरोप, तो पैशासाठी विकला. पुरावा म्हणून संभाजींचा जबाब. पेपरचं नाव छापलेला जाड लिफाफा घेऊन येताना मी पाहिलं, असा. संभाजी खोटं बोलले नव्हते. त्यांनी पाहिलं होतंच.

"लिफाफ्यात काय होतं?" चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं.

"लग्नपत्रिका," ओव्हाळ म्हणाले. खोलीतले सगळे हसले.

हे त्यांनी मला शनिवार पेठेतल्या एका अमृततुल्यात बसून सांगितलं. निलंबनानंतरची आमची पहिली भेट. चार महिन्यांत अंगातला शर्ट दोन मापं मोठा झाला होता. मी फोटोबद्दल बोलायला लागले तर त्यांनी हातानेच थांबवलं. "झालं ते झालं. वाड्या हलल्या ना? मग ठीक." नोकरी जाणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. दुसरा आरोप मात्र त्यांना गिळवत नव्हता. विहारात पोरांचे बाप आता त्यांच्याकडे बघून बोलणं थांबवत होते. पूर्वाच्या सासऱ्यांनी एकदा विचारलं होतं, नक्की काय भाव मिळाला?

"मला एकच वाक्य लिहून द्या, ताई. लिफाफ्यात पत्रिका होत्या, दुसरं काही नव्हतं. बस. चोर म्हणून मरायचं नाही मला."

मी म्हटलं, विचारून सांगते. विचारलं. वकील म्हणाले, हे वाक्य लिहिलं की त्या दिवशी तुम्ही त्याला भेटलात, कागद तुम्ही घेतलात, हे तुमच्याच अक्षरात सिद्ध झालं. श्यामसुंदर सर म्हणाले, "आपण सूत्रांबद्दल बोलत नाही, नीरजा. हे तत्त्व आहे." चौकशी अधिकाऱ्यांचं पत्र पेपरला आलं होतं, त्यालाही हेच उत्तर गेलं: सूत्रांबाबत काहीही सांगण्यास आम्ही असमर्थ आहोत. चौकशीच्या अहवालात त्याचा अर्थ असा लावला गेला की पैसे दिल्याचा पेपरने इन्कार केलेला नाही.

मी ओव्हाळांना फोनवर तत्त्व सांगितलं. सूत्राचं नाव उघड करायचं नाही, त्यासाठी पत्रकार तुरुंगातही जातात, वगैरे. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "पण ताई, सूत्र मीच आहे ना? मीच सांगतोय, बोला म्हणून."

  जे तत्त्व त्यांना वाचवण्यासाठी होतं त्याच्या मागे मी लपले होते, आणि ते त्यांना दिसत होतं. मी म्हटलं, "बघते." सरकारी ऑफिसात 'बघतो' म्हणणाऱ्यांवर मी आयुष्यभर बातम्या केल्या.

त्यानंतर महिन्याभराने, एका सकाळी, बेल वाजली. एकदाच. मी टेबलाशी बसले होते. माझ्याकडे एकदाच बेल वाजवणारा माणूस या शहरात एकच होता. उद्या चौकशीची शेवटची तारीख आहे, हे मला माहीत होतं. ते वाक्य मागायला आले असणार, आणि मला परत त्यांच्या तोंडावर नाही म्हणवणार नव्हतं. मी उठले नाही. पंखा बंद केला, म्हणजे आवाज नको. जिन्यात कोणी तरी हळूच बसल्याचं कळलं. मी अर्धा तास तशीच बसून राहिले. मग पावलं खाली गेली.

दोन्ही आरोप सिद्ध ठरवून त्यांना बडतर्फ केल्याचा आदेश निघाला. त्यानंतर सतराव्या दिवशी सकाळी नळाचं पाणी भरताना ते कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी गेले. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, पांढऱ्या शर्टातले पुरुष, दोन खोल्यांत मावत नव्हते. भंतेजींच्या मागे सगळ्यांनी पंचशील म्हटलं. दुसरं शील आलं तेव्हा मी जमिनीकडे बघत होते. नंतर त्यांची बायको, शैलाताई, मला बाजूला घेऊन गेल्या. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी कपाटातून एक लिफाफा काढून माझ्या हातात दिला. आमच्या पेपरचं नाव छापलेला, जाड.

"हे तुमचं आहे," त्या म्हणाल्या. "घरात ठेवून काय करू?"

मी उघडला. मोरपंखी पत्रिका जशाच्या तशा. एकही कापलेली नव्हती.

"या होत्या तर दाखवल्या का नाहीत त्यांना?"

"साहेब तेच म्हणाले यांना. दाखव, कुणाच्या पत्रिका आहेत ते सांग. हे गप्प. घरी मी भांडले, तर म्हणाले, यावर ताईंचं नाव आहे. त्या कायद्यात घेणाराही अडकतो. त्यांना विचारल्याशिवाय कसं दाखवू?" त्यांनी पदराने तोंड पुसलं. "शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी तुमच्याकडे तेवढंच विचारायला गेले होते. लिहून नको आता, म्हणाले, त्यांना अडचण आहे. नुसतं दाखवू का, एवढं विचारून येतो. पण तुम्ही घरी नव्हता."

मी पत्रिका परत लिफाफ्यात घातल्या.

"बेल वाजवली म्हणाले. तुमच्याकडे एकदाच वाजवायची असते ना? मग अर्धा तास वाट बघितली आणि आले परत."

"शैलाताई," मी म्हटलं, "मी घरी होते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  मग माझ्या हातातून तो लिफाफा काढून घेतला, परत कपाटात ठेवला, किल्ली फिरवली आणि पंगतीत वाढायला निघून गेल्या.

त्यांच्या नवऱ्याला माझ्याकडून एक वाक्य हवं होतं. ते असं: मी, नीरजा गोवंडे, सदाशिव पेठ, पुणे, लिहून देते की पोपट किसन ओव्हाळ यांच्याकडून आंबेदरा तलावाच्या अहवालाचे फोटो मी घेतले, आणि त्या दिवशी त्यांच्या हातात जो लिफाफा होता त्यात माझ्या जुन्या लग्नपत्रिका होत्या, दुसरं काही नव्हतं.